जुनी गाडी, नवा पार्ट



आपल्या शिराळा भागात एखाद्या वाड्याच्या सोप्यात नाहीतर मळ्यातल्या शेडमध्ये ताडपत्री उचलली, की खाली जुनी गाडी निघते. बहुतेक वेळा महिंद्राची जीप, नाहीतर प्रीमियर पद्मिनी. तिला अजूनही सगळे फियाटच म्हणतात. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी झिजवलेली गाडी नातवाला पुन्हा चालू करायची असते. मग तो पेठ नाक्यापासून कोल्हापूरपर्यंतची गॅरेजं पालथी घालतो आणि प्रत्येक काउंटरवर एकाच ठिकाणी अडतो. पार्ट जुना ओरिजिनल शोधायचा, की आज बनणारा लोकल घालायचा?

माझं मत आधीच सांगून टाकतो. सगळ्या गाडीला लागू पडेल असं एक उत्तर नाही, ते पार्टागणिक बदलतं. आणि जिथं रबर आहे, तिथं ओरिजिनलचा हट्ट धरणं निव्वळ धोक्याचं आहे.

ब्रेकपासूनच बघा. पद्मिनीला चारही चाकांना हायड्रॉलिक ड्रम ब्रेक. चाकातल्या सिलिंडरमध्ये रबरी कप असतात आणि पॅडलवर पाय दिला की सगळा दाब ते झेलतात. एखादा दुकानदार चाळीस वर्षांपूर्वीची सीलबंद पेटी काढून दाखवतो, वर कंपनीचा छाप असतो आणि घेणाऱ्याचे डोळे लकाकतात. पण रबर पेटीतसुद्धा म्हातारं होतं. हवेनं, उष्म्यानं ते कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात. असा कप घालून उतार उतरणं म्हणजे उगाच जिवाशी खेळ. त्याच काळातल्या ब्रेक लायनरचीही गत तशीच. त्या वेळी लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास असायचं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक. जुने ब्रेक शू उतरवलेच, तर ड्रम हवेनं फुंकून साफ करू नका, ओल्या फडक्यानं पुसा. कप, होज, लायनर आजचे घ्या, चांगल्या नावाचे घ्या आणि तिथं पैसे वाचवू नका.

पेट्रोलच्या वाटेवरचं रबर तर आणखी नाजूक आणि त्याचा आपल्या शिवाराशी थेट संबंध आहे. आपण ऊस पिकवतो, कारखान्यांच्या आसवन्यांत त्याचं इथेनॉल होतं आणि तेच पेट्रोलमध्ये मिसळतं. 2025 मध्ये हे प्रमाण देशभर वीस टक्क्यांवर गेलं. पद्मिनीचा पेट्रोल पंप बनला, तेव्हा असं मिश्रण कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याचा डायफ्राम, नळ्या आणि कॉर्कचं पॅकिंग इथेनॉलनं फुगतं किंवा सुकून तडकतं. शिवाय इथेनॉल पाणी धरून ठेवतं. चांदोलीकडच्या पावसाळी हवेत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीची टाकी त्यामुळं आतून गंजते आणि तो गंज सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. म्हणजे इथं जुना अस्सल डायफ्राम हा वाईट सौदा. इथेनॉलला टिकणाऱ्या रबरात आज बनलेला डायफ्राम दिसायला वेगळा असेल, पण काम तेच करेल.

लोखंड-पितळेची गोष्ट उलटी आहे. जुनं कास्टिंग, जुना गिअर, दाराची कडी, डॅशबोर्डावरचं मीटर हे झिजलेलं असलं तरी शक्यतो तेच दुरुस्त करावं. पद्मिनीचा असा जुना माल कुठून येतो, तेही बघा. प्रीमियर कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर गाड्या बनू लागल्या आणि 1974 मध्ये तिथल्या गाडीला पद्मिनी नाव मिळालं. 2000 च्या सुमारास ती बनायची थांबली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. इतक्या टॅक्सी भंगारात गेल्या, की कुर्ल्याच्या बाजारात उतरलेला माल मिळत राहिला. तो अस्सल खरा, पण टॅक्सीत लाखो किलोमीटर पळालेला. तो घेताना मायक्रोमीटर सोबत असावा. विक्रेत्याच्या शपथेचा तिथं उपयोग नाही.

आणि आपल्याकडे एक तिसरी वाट आहे, ती मुंबईवाल्यांना हेवा वाटावा अशी. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला, त्याची किर्लोस्करवाडी झाली. पुढं कोल्हापुरात ऑइल इंजिनं आणि उसाचे चरक बनवता बनवता उद्यमनगरातले लेथ आणि भट्ट्या तयार झाल्या. पाट्याच्या शॅकलचा बुश, डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश, एखादी खिळखिळी झालेली पिन घेऊन तिथं जा. जुना नमुना हातात ठेवा, माप सांगा, गनमेटल घ्यायचं की फॉस्फर ब्राँझ हे विचारा. तयार लोकल पार्ट पुष्कळदा नमुन्यावरून नमुना काढत बनतो, आणि मूळ नमुनाच झिजलेला असला, तर ती झीज नव्या मालातही उतरते. लेथवाल्याला मात्र झीज कळते, तो ती भरून काढतो. एक काम सांगताना दोन नग करून घ्या. मशीन एकदा लावलं, की दुसऱ्याचा खर्च फारसा नसतो.

विजेच्या सामानाबद्दल थोडक्यात. पॉइंट आणि कंडेन्सर नवे घाला, जुने सुट्टे सोबत ठेवा. नवे कंडेन्सर लवकर जातात, हे गॅरेजवाले सांगतातच.

आता बॉडी. हरियाणातल्या मंडी डबवालीत जीपची अख्खी बॉडी नवीकोरी मिळते, चकाचक आणि जुना पत्रा शिवण्यापेक्षा पुष्कळदा स्वस्त. मोह होतो. पण 2021 मध्ये केंद्रानं मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आणली. त्यात गाडी मूळ रूपात असावी लागते. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला चालत नाही. या नोंदणीच्या नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांपुढं व्हीए येतं, नोंदणी दहा वर्षांची आणि नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. म्हणजे डबवालीची बॉडी चढवलीत, तर ही वाट तुमच्या हातानंच बंद होण्याची पाळी येते. गंजलेला भाग तेवढा कापून तिथं नवा पत्रा जोडणं कष्टाचं आहे, पण गाडी आजोबांचीच राहते. ज्याला फक्त मळ्यात फिरवायची जीप हवी आहे, त्यानं खुशाल नवी बॉडी घालावी. फक्त विकताना गिऱ्हाइकाला ते स्पष्ट सांगावं.

काढलेला एकही पार्ट भंगारवाल्याला देऊ नका. चिठ्ठी लावून खोक्यात भरा. पुढच्या मेकॅनिकला त्याच्यावरूनच माप घ्यायचं असतं. आणि चेसिसवरचा नंबर गंजानं पुसट झाला असेल, तर गॅरेजात परस्पर ठोकून घेऊ नका, तो गुन्हा ठरतो. कागदपत्रं घेऊन आरटीओत जा, परवानगी काढा, मगच नंबर पुन्हा उमटवून घ्या.