पट्टा पायाला, पण काम कुणाला?

(वस्तीतील महिला गटांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी डॉक्टर नाही, समाजकार्याचं शिक्षण घेतलेली कार्यकर्ती आहे. मागे स्कूटरवरून पडले आणि गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी जोडणारी दोरी, दुखावलं. ६ आठवडे बिजागरीचा पट्टा, ज्याला डॉक्टर ब्रेस म्हणतात, वापरायला सांगितला. त्याच सुमारास धुणंभांडी करणारी वस्तीतली एक मैत्रीण भेटली. तिचंही दुखणं तेच, पट्टाही तसाच. पण तो खिळ्याला टांगलेला. विचारलं तर म्हणाली, "ताई, पट्टा बांधला की पाय वाकत नाही. पाय वाकला नाही तर फरशी कोण पुसणार? संडासला कशी बसू?" रुग्णालयात मात्र तिला 'सांगितलेलं ऐकत नाही' म्हणून बोलणी बसली होती.

म्हणून आधी पट्ट्याबद्दल बोलू, मग ऐकणं-न ऐकण्याबद्दल.

दुकानात मिळणारी ताणाची गुडघाटोपी आणि हा पट्टा एक नव्हे. बिजागरी गुडघा किती वाकू द्यायचा ते ठरवते. तो कोन आपल्या मनाने बदलू नये, दुसरीचा पट्टाही उसना घेऊ नये. बांधताना बसून पाय सरळ करावा. दोन्ही बाजूंच्या बिजागऱ्या वाटीच्या मध्याच्या रेषेत याव्यात. बहुतेक पट्ट्यांत गुडघ्याखालचा बंद आधी आवळतात, म्हणजे पट्टा घसरत नाही. बंदाखाली एक-दोन बोटं जातील इतपतच घट्ट. पाऊल बधिर, गार किंवा निळसर झालं तर बंद सैल करावेत. तरीही फरक पडला नाही तर लगेच दवाखाना गाठावा. पोटरी सुजून दुखू लागली तर ती चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्ताची गुठळी झालेली असू शकते. आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर क्षणभरही थांबू नका.

पट्ट्याखाली तेल, बाम लावू नये. घामाने पुरळ येतं. डॉक्टरांनी पट्टा काढायची परवानगी दिली असेल तर रोज कातडी बघावी, पुसून कोरडी करावी. आतलं अस्तर निघत असेल तर साध्या साबणाने, गार पाण्यात हाताने धुवावं आणि सावलीत वाळवावं. चिकटपट्टीत अडकलेले केस, धागे जुन्या टूथब्रशने काढावेत, नाहीतर ती धरत नाही. बिजागरी भिजली तर लगेच कोरडी करावी.

नुसता पट्टा बांधून बसलं तर मांडीचा स्नायू बारीक होतो. म्हणून सांगितलेले व्यायाम करायचेच. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

आता सांगा, यातलं काय अवघड आहे? काहीच नाही. अवघड आहे ते पुढचं. मला नवऱ्याने पाणी भरून दिलं, नोकरीत रजा मिळाली. माझ्या मैत्रिणीचा खाडा झाला की पगार कापला जातो आणि घरी चूल तिचीच. डॉक्टर 'आराम करा' म्हणतात तेव्हा तिचं काम दुसरं कुणीतरी करील असं ते गृहीत धरतात. बाईच्या बाबतीत ते 'कुणीतरी' नसतंच. मग ती ऐकत नाही, की तिला ऐकणं परवडत नाही?

आमच्या गटाने तिच्या घरी बसून दिवसभराच्या कामांची यादी केली. ती वाचून नवरा गप्प झाला. पाणी आणि झाडू त्याने घेतला, भाकरी मुलाने शिकली. गटाच्या पैशातून कमोडची खुर्ची आणली; ती आता गरजेप्रमाणे घरोघर फिरते. कामाच्या एका घरी पगारी रजेसाठी आम्ही दोघी गेलो. तिथे निम्मा पगार मिळाला, दुसरीकडे काम सुटलं. हेही सांगायला हवं.

पट्टा खिळ्यावरून पायावर आला, तो अशा रीतीने. तुमच्या गटात कुणाला पट्टा लागला तर 'बांधतेस ना?' एवढंच विचारू नका. 'तुझं काम कोण करतंय?' हेही विचारा.