पुराला एकच माप हवे



आज आम्ही आकड्यांबद्दल बोलणार आहोत. विषय रुक्ष वाटेल. पण रात्री दावणीची गुरे सोडून माळावर न्यायची की सकाळपर्यंत थांबायचे, हे ठरवताना आपल्या हाती आकड्याशिवाय दुसरे काय असते?

पाऊस लागला की कोल्हापूरहून बातमी येते : राजाराम बंधाऱ्यावर पाणी इतके फूट, इतके इंच. ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. त्याच बातमीत काळम्मावाडीतून इतके क्युसेक सोडले, पाटगाव इतके टक्के भरले. मग आलमट्टीची पातळी येते ती मीटरमध्ये आणि साठा टीएमसीत. फूट ही उंची, क्युसेक हा प्रवाह, टीएमसी हा साठा. एक लाख क्युसेक पाणी पूर्ण दिवस वाहिले तर ८.६४ टीएमसी होते, हा हिशेब कोणीही कागदावर करील. पण त्यातून यमगर्णीच्या पुलाखाली पाणी किती चढेल हे कळत नाही, आणि आपल्याला हवे असते तेवढेच.

शिवाय राजाराम बंधारा आहे पंचगंगेवर. निपाणी भागाच्या दारात आहेत वेदगंगा आणि दूधगंगा. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा पुढे कृष्णेला. कृष्णा भरून वाहत असली की दूधगंगेला पुढे वाट मिळत नाही, पाणी मागे फुगते. म्हणून धरणातून तेवढेच क्युसेक सोडले तरी कारदगा-भोज बंधाऱ्यावर एका वर्षी एक उंची, दुसऱ्या वर्षी दुसरी. २०१९ साली राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फूट ७ इंचांवर गेले, २०२१ साली ५६ फूट ३ इंचांवर. सांगलीत मात्र २०१९ चाच पूर मोठा होता. मग जत्राट-भिवशीच्या माणसाने कोणाचा फूट धरायचा?

आणि फूट मोजायचा कुठून? बंधाऱ्यावरची पट्टी त्या जागेच्या शून्यापासून सुरू होते. आलमट्टीचे ५१९.६० मीटर समुद्रसपाटीपासून मोजलेले आहेत. दोन्ही बरोबर, पण एकाशेजारी एक ठेवता येत नाहीत. आलमट्टीमुळे फुगवटा येतो की नाही, हा वाद आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. महाराष्ट्राने नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात २०१९ च्या पुराचे मुख्य कारण आलमट्टी मानले नाही. तरी वाद मिटला नाही. ही उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा प्रस्ताव पुढे आल्यापासून तर तो अधिकच पेटला. आमचे म्हणणे एवढेच, की दोन्ही बाजूंनी एकाच शून्यापासून मोजलेल्या पातळ्या टेबलावर ठेवाव्यात आणि मग भांडावे.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. पाणीवाटपाची वेळ आली तेव्हा बच्छावत लवादाने २०६० टीएमसीचा हिशेब मांडला. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८००. तिन्ही राज्यांनी एकाच मापात पाणी मागितले आणि घेतले. पाणी घेण्यासाठी माप एक झाले. मग पाणी अंगावर येते तेव्हाच ते वेगवेगळे का?

पावसाचेही तेच. कर्नाटकाचे नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक ठेवते; महाराष्ट्राची महावेध केंद्रे महसूल मंडळावर आहेत. तिकडे मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी. नदी मात्र तिकडून इकडे एकच. त्यातून जिल्ह्याची सरासरी तर कोणाच्याच कामाची नाही. कणकुंबीला धो धो कोसळतो आणि अथणीत पेरणीपुरता पडतो. तरीही पूर अथणीच्या कृष्णाकाठाला येतोच, कारण पाऊस पडलेला असतो सह्याद्रीत. स्थानिक पावसावरून धोका मांडणाऱ्याला हे कसे दिसावे?

आता जुन्या नोंदी. २००५ च्या महापुरात निपाणी तालुकाच नव्हता, आपली गावे चिक्कोडीत होती. तालुक्याच्या तक्त्यावरून २००५ आणि २०१९ ची तुलना करायला बसलात तर निपाणीच्या रकान्यात २००५ साली शून्य दिसेल. जणू पूर आलाच नाही! त्यात गावांची नावे : येडूर आणि यडूर, निपाणी आणि निप्पाणी, कानडीतून इंग्रजीत गेलेली आणि मराठीतून इंग्रजीत गेलेली. यंत्राला ती दोन गावे वाटतात. गावाच्या जनगणना क्रमांकाने नोंद केली की हा घोळ संपतो. नाव आपल्या भाषेत लिहिण्याचा आग्रह सोडायचे कारण नाही. शेजारी क्रमांक असला म्हणजे झाले.

जगातही हा प्रश्न आहे. बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठाची आपत्तींची मोठी यादी आहे. तिच्यात नाव येण्यासाठी दहा मृत्यू, किंवा शंभर बाधित, किंवा आणीबाणीची घोषणा, किंवा परदेशी मदतीची हाक, यांतले काहीतरी लागते. बळ्ळारी नाल्याचे पाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या भातात शिरून पीक कुजते ते कुठल्या यादीत बसवणार? २०१५ साली जपानमध्ये सेंडाई येथे राष्ट्रांनी नुकसान एकसारखे मोजायचे ठरवले, भारतही त्यात आहे. पण मोजणी अखेर गावातच व्हायची आहे.

गावात काय होते ते २०१९ ला पाहिले. पडलेल्या घरांचे अ, ब, क वर्ग झाले. अ वर्गाला पाच लाख. भिंत किती पडली म्हणजे अ, आणि ओल धरून महिन्याने पडली तर काय, यावर शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. पाणी किती उंच होते आणि किती दिवस उभे होते याची नोंद दारावर असती तर निम्मे तंटे झाले नसते.

म्हणून आमची सूचना अशी. आपल्या घराघरांत निवृत्त ओव्हरसियर, शिक्षक, तलाठी आहेत. देवळाच्या, शाळेच्या भिंतींवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा अजून सांगणारी माणसे आहेत. ती आहेत तोवरच हे काम होईल. प्रत्येक खूण दोन साक्षीदारांसमोर पक्क्या रंगाने आखावी. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जवळच्या बेंचमार्कपासून लेव्हल यंत्राने तिची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये काढावी. गावाचा क्रमांक, खुणेची जागा, तारीख, पाणी किती दिवस राहिले, हे एकाच नमुन्याच्या फॉर्मवर लिहावे. प्रती तीन : एक बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना, एक कोल्हापूरच्या, एक गावात. सुरुवात वेदगंगेच्या काठाने करू. फॉर्मचे कोरे नमुने बाहेर टेबलावर ठेवले आहेत, जाताना आपल्या गावापुरते घेऊन जावेत.