डॉक्टर मॅडम मुक्कामी राहाव्यात म्हणून
(सिद्धेश्वर, ता. औंढा नागनाथ येथील महिला मेळाव्यात एका वैद्यकीय अधिकारी ताईंनी केलेले भाषण)



तुम्ही मला नेहमी विचारता, "मॅडम, लेडी डॉक्टर गावात मुक्कामी का राहत नाहीत?" तुमचं विचारणं बरोबर आहे. बाळंतपण काही दिवस-रात्र बघून येत नाही.

बाईला बाई डॉक्टर का लागते, ते आधी सांगते. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग यांनी बायकांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास छापून आला. शंभरातल्या ९२ जणींना पांढरं जाणं, पाळीचा त्रास असं काही ना काही दुखणं निघालं. त्याआधी तपासून घेतलेल्या फक्त ८ जणी होत्या. बायांनो, असली दुखणी आपण पुरुष डॉक्टरपुढं बोलत नाही, अंगावर काढतो.

आता त्या डॉक्टर बाईचं घर बघा. साधारण ३० हजार लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. दिवसभर ओपीडी, मग रिपोर्ट, मीटिंगा, रात्री बाळंतपण. घरी लेकरू तापानं फणफणलेलं असलं तरी कॉल आला की निघावं लागतं. स्वयंपाक, सासू-सासऱ्यांची औषधं, मुलांचा अभ्यास हे सगळं तिच्याच वाट्याला. शेतातून येऊन चूल पेटवणाऱ्या तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

रखमाबाई राऊत १८९४ साली डॉक्टर झाल्या. सुरत आणि राजकोटला त्यांनी बायकांची सेवा केली, पण पुन्हा संसार मांडला नाही. डॉ. मंदाकिनी आमटे यांनी हेमलकशाच्या जंगलात दवाखाना आणि लेकरं दोन्ही सांभाळली. तिथं नवरा त्याच कामात होता, सोबतीला कार्यकर्ते होते. सगळ्याच जणींना अशी सोबत मिळत नाही.

२०१७ च्या कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा झाली. पाळणाघराची सक्ती मात्र ५० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथंच आहे. आपल्या केंद्रात एवढी माणसं कुठून असणार? म्हणून बदली झालेली मॅडम क्वार्टर बघते, लेकरू कुणाजवळ ठेवू म्हणते आणि शहरातून ये-जा करते.

इथं आपला ग्रामसंघ कामाला येतो. क्वार्टरला पाणी आहे का, दाराला कडी आणि बाहेर दिवा आहे का, हे ग्रामसभेत विचारा, ठरावात लिहून घ्या. गटातल्या एखाद्या ताईनं पाळणाघर चालवलं, तर नर्सताई आणि आशाताईंची लेकरंही तिथं राहतील. त्या ताईला चार पैसे मिळतील. साधा खोकला, जुनी कंबरदुखी ओपीडीच्या वेळेत दाखवा. कळा सुरू झाल्या, रक्त जायला लागलं किंवा साप चावला, तर रात्री दोन वाजता उठवा, अजिबात संकोच करू नका. १०८ लाही लगेच फोन लावा.

आणि एक काम घरातलं. "आज माझी तपासणी आहे, भाकरी तुम्ही टाका," असं घरधन्याला सांगून बघा. पहिल्या दिवशी भाकरी जाड होईल, होऊ द्या.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत क्वार्टर आणि पाळणाघर हे दोन विषय अजेंड्यावर घ्या. मी येते.