रिकाम्या टाकीचा महिना

खाऱ्या पाण्याची टाकी घरात आली की पहिला महिना तिच्यात बघण्यासारखं काहीच नसतं. वाळू, चार दगड, पंपाची घरघर आणि वर पेटलेला दिवा. पाहुणे येतात, काचेला नाक लावतात आणि विचारतात, "मासे कुठे लपलेत?" मासे अजून आणलेच नाहीत म्हटलं, की त्यांना आपली दया येते. श्रोतेहो, आज मला या रिकाम्या महिन्याबद्दलच बोलायचं आहे.

दुकानदार याला 'टाकी सायकल करणं' म्हणतात. फोनवर हा शब्द ऐकून माझ्या एका मित्राला वाटलं, मी गुडघ्यांसाठी व्यायाम सुरू केला. ही सायकल म्हणजे नत्रचक्र. शाळेच्या पुस्तकात बाण काढून दाखवलेलं असायचं ते. मी बी.ए. झालेला माणूस, ते बाण पेपरात काढून मी मोकळा झालो होतो. पन्नाशी उलटल्यावर ते चक्र दिवाणखान्यात फिरताना पाहिलं.

मासा खातो, त्यातून अमोनिया तयार होतो आणि मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात येतो. समुद्रात तो कुठल्या कुठे विरून जातो. शंभर लिटरच्या काचपेटीत जाणार कुठे? शिवाय पाणी जितकं अल्कधर्मी तितका अमोनिया जास्त विषारी, आणि समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो. म्हणजे गोड्या पाण्याच्या टाकीत जे एखादे वेळी खपून जातं, ते इथे खपत नाही. उपाय एकच, अमोनिया खाणारे जंतू. एका जातीचे जंतू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्यामानाने सौम्य असतं, पाणी बदलून ते काढता येतं. हे जंतू पहिल्यांदा वेगळे करून दाखवले सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने, १८९० च्या सुमारास, झुरिकमध्ये. नेहमीच्या सकस खाद्यावर ते वाढेनात, हीच मेख होती. त्यांना ते नकोच असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन झाडासारखं ते आपलं शरीर स्वतः बांधतात, मात्र उजेडाच्या ऐवजी अमोनियाच्या जोरावर. म्हणूनच त्यांची वाढ धिमी. दही रात्रीत लागतं. या मंडळींना एकाचे दोन व्हायलाच जवळजवळ दिवस जातो. चार ते सहा आठवडे लागतात ते त्यामुळे. कुणाच्या चालू टाकीतला थोडा स्पंज किंवा वाळू मिळाली तर विरजणासारखी उपयोगी पडते, पण ज्या गावात खाऱ्या पाण्याची दुसरी टाकीच नाही तिथे विरजण मागायचं कुणाकडे?

आता पाणी. आम्ही रत्नागिरीत राहतो. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना पाकिटातलं मीठ विकत आणून घरी समुद्र करायचा, याचं बायकोला फार हसू आलं. पण भाट्याच्या खाडीचं जुलैतलं पाणी आठवा. काजळी नदी सगळा डोंगर धुऊन आणते. पाणी तांबडं आणि खारटपणा उतरलेला. टाकीला हवं असतं ते बारा महिने एकसारखं पाणी. स्वयंपाकाचं मीठही चालत नाही, कारण समुद्रात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि आणखी बरंच काही असतं. हे सगळं घातलेलं मत्स्यालयाचं मीठ मिळतं. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे शंभर लिटरला साडेतीन किलो, आणि पाणी आरओचं. विशिष्ट गुरुत्व १.०२५ आलं की झालं. पुढे रोज पाणी उडतं, मीठ मागे राहतं; मिठागर पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. म्हणून उडालेल्या पाण्याची भर गोड्या पाण्याने करायची. कोकणातल्या उकाड्यात टाकीवर पंखा लावून पाणी २६ अंशांच्या आसपास ठेवायला जावं, तर हे उडणं दुप्पट होतं.

दगडांबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे. परदेशी पुस्तकं सांगतात, 'लाइव्ह रॉक' आणा. म्हणजे प्रवाळाचे तुटलेले, जंतूंनी भरलेले तुकडे. आपल्याकडे हे करता येत नाही. दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही प्रवाळ तिथेच आहेत. "साहेब, सगळे घेतात," असं म्हणून कागदात गुंडाळलेला तुकडा कुणी पुढे केला तर तो परत करावा. मालवणच्या पाण्यात प्रवाळ आहेत; ते तिथेच बरे. मी भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड मागवले. जंतूंना नुसती छिद्रं पाहिजेत, घराणं नाही.

मग या जंतूंना खायला काय घालायचं? मुंबईतल्या एका दुकानदाराने मला सल्ला दिला, दोन डॅमसेल मासे सोडा. काटक असतात, त्यांच्या अमोनियावर टाकी तयार होईल. आणि मेले तर? "तर काय, स्वस्त आहेत." ही रीत जुनी आहे आणि वाईट आहे. अमोनियाने कल्ले जळतात. काटक मासा म्हणजे ज्याला मरायला जास्त दिवस लागतात तो, एवढाच त्याचा अर्थ. निळाभोर, अंगठ्याएवढा जीव प्रवाळाच्या कपारीतून उपसून आणायचा आणि त्याला लिटमस कागद म्हणून वापरायचं, हे मला पटत नाही. जगलाच तरी डॅमसेल भांडखोर. आधी टाकीचा मालक होऊन बसतो आणि नंतर आलेल्यांना कोपऱ्यात दामटतो.

मी बाजारातून एक कोळंबी आणली. कच्ची, सोलून, जाळीच्या पिशवीत घालून टाकीत टांगली. कोळंबी आणायची आणि कालवणात घालायची नाही, हा प्रकार आमच्या घरात पहिल्यांदाच घडला. पाचव्या दिवशी परीक्षानळीतलं पिवळं पाणी हिरवट झालं: अमोनिया. आकडा लिटरला दोन मिलिग्रॅमवर गेल्यावर कोळंबी काढून टाकली. तेराव्या दिवशी नायट्राइट दिसू लागलं आणि अमोनिया उतरू लागला. ज्या वहीत मी कवितांची खाडाखोड करतो, तिच्या मागच्या पानांवर हे आकडे आहेत; खाडाखोड नसलेली तेवढीच पानं. तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी साय धरली. ती सूक्ष्म शैवालाची असते आणि बहुतेक आपोआप ओसरते. घाबरून सगळी टाकी धुऊन काढणारे लोक जंतूही धुऊन काढतात.

एकविसाव्या रात्री पाऊस कोसळला आणि वीज गेली. नऊ तास. या जंतूंना प्राणवायू लागतो. पंप थांबला, पाणी निजलं, की तेही गुदमरतात. बॅटरीवरचा हवेचा पंप आणून ठेवला होता. तो लावून मी कंदिलाच्या उजेडात बसून राहिलो. नातीने झोपेतून उठून विचारलं, "नाना, कुणासाठी जागताय? टाकीत तर कुणीच नाहीये." आहेत, म्हटलं. लाखांनी आहेत. तिने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं बहुधा मुशायऱ्यात पहिल्या रांगेतले लोक पाहतात.

चौतिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. परीक्षा म्हणून थोडा अमोनिया मुद्दाम घातला. दुसऱ्या दिवशी दोन्ही पुन्हा शून्य. एक तृतीयांश पाणी बदललं आणि मगच मासे मागवले. दोन क्लाउनफिश, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. २००३ च्या सिनेमापासून मुलं त्यांना 'निमो' म्हणतात. हे मासे हॅचरीत वाढलेले मिळतात. तामिळनाडूतल्या मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास करून दाखवली आहे. समुद्रातून धरलेल्या माशापेक्षा हा थोडा महाग पडतो. पडू दे. पिशवीतलं पाणी टाकीच्या पाण्याशी थेंबाथेंबाने जुळवायला तास गेला. दोन्ही मासे दगडामागे गेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर आले.

आता त्यांच्यात मोठा कोण, याची ढकलाढकल चालू आहे. क्लाउनफिश सगळे नर म्हणून वाढतात; जोडीत जो वरचढ ठरतो त्याची मादी होते. पहिले काही आठवडे दिवसाकाठी चिमूटभर दाणे, त्याहून जास्त नाही, कारण जंतूंची संख्याही खाण्याच्या बेतानेच वाढते. नायट्रेट दहावर आहे. दर शनिवारी दहा लिटर पाणी बदलतो. नात परीक्षानळी धरते आणि रंग सांगते. तिसरा मासा कधी, हे तिने विचारलं आहे. दिवाळीनंतर, असं ठरलं आहे.