काँक्रीट ओतण्यापूर्वीं



घर बांधणाऱ्या गृहस्थाचें लक्ष साहजिकच जें डोळ्यांस दिसतें त्याकडे असतें. दाराची चौकट ओळंब्यांत आहे कीं नाहीं, फरशीचा रंग एकसारखा आला कीं नाहीं, याची तो दहा वेळां चौकशी करतो. परंतु ज्या नळांतून घराचें सांडपाणी रात्रंदिवस बाहेर जावयाचें, ते एकदां जमिनींत गाडले गेले म्हणजे त्यांची आठवण त्यास पुन्हां होते ती दुर्गंधीनें, नाहीं तर भिंतीवर चढलेल्या ओलीनें. त्या वेळीं नळ आणि मनुष्य यांच्यामध्यें सहा इंच जाडीचा काँक्रीटचा थर आडवा पडलेला असतो. तळघरांत हा थर ओतण्यापूर्वीं खालचे नळ कसे तपासावे व कसे दुरुस्त करावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

समजा, पुण्याच्या एखाद्या पेठेंत एका कुटुंबाचें जुनें दुमजली घर आहे. खालीं तळघर असून त्याची जमीन मातीची व उखडलेल्या शहाबादी फरशीची आहे. तेथें काँक्रीट करून कोठीची खोली व कोपऱ्यांत एक मोरी करावी, असें घरच्या तरुण मालकानें योजिलें आहे. पावसाळा पंधरा दिवसांवर आला आहे. खडी, वाळू, सिमेंट येऊन पडलें आहे. मजूर सोमवारीं यावयाचे आहेत. शनिवारीं दुपारीं वृद्ध गवंडी फरशी उचलून पाहतो आणि म्हणतो, "मालक, सोमवारीं ओतूं नका. वरच्या मोऱ्यांचा नळ याच जमिनीखालून रस्त्याकडे गेला आहे. तो आधीं पाहूं द्या."

"मिस्त्री, तीस वर्षें पाणी बिनबोभाट जात आहे. आतांच काय पाहावयाचें?"

"पाणी जातें हें खरें, पण सगळें रस्त्यापर्यंत जातें कीं वाटेंत मुरतें, हें कोणीं पाहिलें?"

या प्रश्नांतच साऱ्या विषयाचें सार आहे. सांडपाणी मोरींतून नाहीसें झालें, एवढ्यावरून नळ शाबूत आहे असें ठरत नाहीं. फुटका नळही पाणी नाहीसें करतो, किंबहुना अधिक मुकाट्यानें करतो. आणि या घरीं तळघराच्या भिंतीला लागूनच पिण्याच्या पाण्याची जमिनीखालील टाकी आहे. नळ मुरत असेल, टाकीला तडा असेल आणि टाकींतील पाणी खालीं गेलें असेल, तर भोंवतालच्या मातींतील मैलपाणी टाकींत शिरावयास वेळ लागत नाहीं. विषमज्वर, कावीळ, पटकी हे रोग याच वाटेनें घरांत येतात.

ही भीति काल्पनिक नव्हे. सन १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनमधील सोहो भागांत ब्रॉड स्ट्रीट या रस्त्यावर पटकीची भयंकर सांथ उद्भवली आणि तींत सहाशेंहून अधिक माणसें मेलीं. डॉक्टर जॉन स्नो यांनीं मृतांच्या घरांचा शोध घेऊन रस्त्यावरील पंपाच्या विहिरीवर बोट ठेविलें, आणि ८ सप्टेंबर रोजीं त्या पंपाचा दांडा काढण्यांत आला. परंतु विहिरींत विष आलें कोठून, हें पुढील वर्षीं उकरून पाहिलें तेव्हांच कळलें. ४० क्रमांकाच्या घरांतील एक तान्हें मूल सांथीच्या आरंभींच आजारी पडलें होतें. त्याचीं दुपटीं धुतलेलें पाणी घराच्या पुढील बाजूच्या मैलकुंडांत टाकण्यांत येत असे. त्या कुंडाच्या व मोरीच्या विटा कुजून सुटल्या होत्या, आणि कुंडापासून विहीर तीन फुटांहून कमी अंतरावर होती. घरांतल्या माणसांस वरून कांहींच दिसत नव्हतें. पाणी जात होतें. परंतु तें शेजारच्या विहिरींत जात होतें.

तरुण मालक दोन दिवस थांबावयास कबूल होतो, असें आपण धरूं. आतां गवंडी व नळकारागीर यांनीं काय करावें?

प्रथम नळाचा मार्ग शोधावा. वरच्या मजल्यावरील एकेका मोरींत रंगीत पाणी सोडून तें बाहेरच्या कुंडींत, म्हणजे ज्यास कारागीर चेंबर म्हणतात त्यांत, केव्हां व कोणत्या तोंडांतून येतें तें पाहावें. चेंबरचें झांकण उघडल्यावर वायु निघून जाण्यास वेळ द्यावा, आणि कोणत्याही कारणानें माणसास आंत उतरवूं नये. कुजणाऱ्या मैल्यांतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायु क्षणांत शुद्ध हरपवितो. एकास काढावयास दुसरा उतरला म्हणजे दोघेही जातात. हाताच्या अशा जोखमीच्या सफाईस २०१३ च्या कायद्यानें मनाईही आहे. लांब सळयांनीं किंवा यंत्रानें बाहेरूनच नळ साफ करावा.

नंतर सरळपणाची परीक्षा. ही अगदीं सोपी आहे. नळाच्या एका तोंडाशीं दिवा धरावा व दुसऱ्या तोंडाशीं आरसा. नळ सरळ व मोकळा असेल तर आरशांत उजेडाचें पूर्ण वर्तुळ दिसतें. कोठें नळ खचला असेल तर वर्तुळ कापलेलें दिसतें, आणि आंत सिमेंटचा गोळा किंवा झाडाचें मूळ असेल तर तेंही दिसतें. नवीन नळांसाठीं दुसरी एक परीक्षा आहे: नळाच्या आंतील व्यासाहून अर्धा इंच लहान असा गुळगुळीत चेंडू वरच्या तोंडांत सोडावा, तो आपोआप घरंगळत खालच्या तोंडांतून बाहेर पडला पाहिजे.

उताराचें माप पाणसळीनें घ्यावें. चार इंची नळास चाळीस फुटांत एक फूट व सहा इंची नळास साठ फुटांत एक फूट, हा जुना ठोकताळा आहे आणि घरगुती कामास तो अद्यापि उपयोगी पडतो. उतार फार कमी असला तर गाळ बसतो, हें सर्वांस ठाऊक असतें. म्हणून वाटेल तितका उतार देणेंही शहाणपणाचें नाहीं. शिवाय एका टोकास फाजील उतार दिला म्हणजे दुसऱ्या टोकास तो अपुरा पडतो.

आतां मुख्य परीक्षा, म्हणजे पाण्याची. नळाचें खालचें तोंड रबरी बुचानें घट्ट बंद करावें, वरच्या तोंडास उभा नळ जोडावा, आणि त्यांत सुमारे पांच फूट उंचीपर्यंत पाणी भरावें. लगेच निर्णय करूं नये. भाजक्या मातीचे खापरी नळ व सिमेंटचे सांधे प्रारंभीं थोडें पाणी पितात, व आंत कोंडलेली हवाही बाहेर येत असते. म्हणून दोन तास थांबावें, पातळी पुन्हां सारखी करावी, खूण करावी, आणि मग अर्धा तास ती खूण पाहत बसावें. आपल्या गृहस्थाच्या घरीं, समजा, पाणी बोटभर नव्हे तर चांगलें वीतभर उतरतें. चर उकरल्यावर दोन ठिकाणीं माती भिजलेली आढळते. एका सांध्यांतील सिमेंट झडून गेलें आहे. दुसऱ्या ठिकाणीं अंगणांतील पिंपळाच्या मुळानें ओलाव्याच्या शोधांत सांध्यांत शिरून खापरी नळच चिरला आहे. हाच नळ तीस वर्षें बिनबोभाट चालला होता.

दुरुस्ती करतांना चिरलेल्या नळावर सिमेंट थापून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. तो टाळावा. चिरलेला तुकडा काढून नवा बसवावा. खापरी नळाच्या सांध्यांत आधीं डांबरांत भिजविलेला काथ्या ठोकून बसवावा व मग सिमेंटचा घट्ट माल भरावा. काथ्यामुळें माल आंत गळून नळाची वाट अडवीत नाहीं. आजकाल बहुधा प्लॅस्टिकचे नळ घालतात. ते गंजत नाहींत, परंतु त्यांचे सांधे पुसून, कोरडे करून चिकटविले नाहींत तर तेही गळतात. नळ कोणताही असो, त्याची संपूर्ण लांबी चांगल्या ठोकलेल्या तळावर टेकली पाहिजे. चार दगडांवर टेकविलेला नळ वरचें ओझें पडतांच मध्यें मोडतो. चरांत काळी माती लागली असेल तर ती काढून मुरूम किंवा बारीक खडी भरावी. कारण काळी माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि प्रत्येक वर्षीं नळास एक हिसका देते. नळ भिंतींतून जेथें पार होतो तेथें त्याभोंवतीं मोठ्या नळाचा तुकडा घालून मोकळीक ठेवावी, म्हणजे भिंत किंचित् खचली तरी नळ मोडत नाहीं. दुरुस्तीनंतर पाण्याची परीक्षा पुन्हां घ्यावी. ही दुसरी परीक्षा न घेणें म्हणजे पहिली फुकट घालविणें होय.

पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळ्या चरांत व सांडपाण्याच्या नळाहून वर असावा. त्याची परीक्षा दाबानें होते: लहानशा हातपंपानें नेहमींच्या दाबाच्या दीडपट दाब चढवावा आणि कांटा खालीं येतो कीं काय तें पाहावें. जुना जस्त चढविलेला लोखंडी नळ ओल्या भरावांत असेल तर तो आज न गळला तरी बदलावाच. उद्यां तो गळेल तेव्हां काँक्रीट फोडावें लागेल.

तळघरास आणखी दोन शत्रु आहेत. पहिला जमिनींतील पाणी. सहा इंच जाडीच्या काँक्रीटचें वजन दर चौरस फुटास सुमारे ३४ किलो भरतें. एक फूट उंचीचें पाणी दर चौरस फुटावर सुमारे २८ किलोचा दाब देतें. म्हणजे पावसाळ्यांत बाहेरचें पाणी या थराच्या तळापासून सव्वा फूट वर चढलें कीं त्याचा वर उचलणारा जोर थराच्या स्वतःच्या वजनाइतका होतो. मग तो थर उचलतो, तडकतो, व भेगांतून पाणी येतें. यास उपाय थर जाड करीत जाणें हा नव्हे, तर पाण्यास वाट देणें हा आहे. काँक्रीटखालीं सहा इंच स्वच्छ खडी पसरावी, भिंतींच्या कडेनें भोंकांचा नळ घालून तो एका खड्ड्यांत आणावा, व तेथून पंपानें पाणी बाहेर टाकावें. या पाण्याची व मैलपाण्याची गांठ पडूं देऊं नये.

दुसरा शत्रु रस्त्याच्या बाजूनें येतो. तळघरांतील नवी मोरी रस्त्यावरील गटारापेक्षां खालीं असते. गटार तुंबलें म्हणजे पाणी सर्वांत खालचें तोंड शोधतें, आणि तें तोंड म्हणजे हीच मोरी. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशीं गटारें पाणी नेत नाहींत, उलट परत देतात. म्हणून तळघरांतील मोरीचें पाणी झांकणबंद खड्ड्यांत घेऊन पंपानें रस्त्याच्या पातळीहून वर चढवावें व मग गटारांत सोडावें, आणि वाटेंत उलट येणारें पाणी अडविणारी झडप बसवावी. मोरीच्या तोंडाशीं नहाणी ट्रॅप असावा व त्यांत दोन इंच पाणी सदैव राहावें. तेवढें पाणीच गटारांतील वायूस घराबाहेर ठेवतें.

यानंतर काँक्रीटचा दिवस. रिकामा नळ ओल्या काँक्रीटमध्यें लांकडासारखा तरंगून वर येतो. म्हणून नळ पाण्यानें भरून, तारेनें बांधून ठेवावे. मजुरांच्या घमेल्यांच्या वाटेवर नळ येत असतील तेथें फळ्या टाकाव्या. प्रत्येक तोंडास बूच असावें. आणि फळीपट्टी ओढली जात असतां एक माणूस उभ्या नळांतील पाण्याच्या खुणेवर नजर ठेवून बसावा. पाणी उतरूं लागलें तर थर ओला आहे तोंवरच उपाय होतो.

शेवटीं एक कागद करावा. प्रत्येक वळण, सांधा व झांकण दोन पक्क्या भिंतींपासून किती फुटांवर आहे हें त्यावर लिहावें, उघड्या चराचीं छायाचित्रें त्यासोबत जोडावीं, व तो घराच्या दस्तऐवजांत ठेवावा. आणि जेथें नळ वळतो तेथें उघडतां येईल असें झांकण ठेवावें. ही कांहीं नवी कल्पना नव्हे. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या तलावापासून पुण्यांत पाणी आणणारा दगडी नळ बांधला गेला, तेव्हां बांधणारांनीं त्यावर जागोजाग उच्छ्वास ठेविले. जें जमिनीखालीं जाईल तें पुढें कोणास तरी पाहावें लागेल, हें त्यांनीं गृहीत धरलें होतें.

झांकली मूठ सव्वा लाखाची असें म्हणतात. मुठीच्या बाबतींत तें खरें असेल. नळाच्या बाबतींत झांकण्यापूर्वीं जें पाहिलें तेवढ्याचीच किंमत असते. तरुण मालकाचे दोन दिवस गेले, मजुरांची दोन दिवसांची मजुरी अंगावर पडली, आणि त्याबद्दल वृद्ध गवंड्यास दोन शब्दही ऐकावे लागले. बुधवारीं सायंकाळीं काँक्रीट ओतून झालें, तेव्हां भिंतीपलीकडच्या टाकींतून त्या घरांतलीं मुलें नेहमींप्रमाणें पाणी पीत होतीं. त्यांस यांतील कांहींच ठाऊक नव्हतें, आणि तें ठाऊक होण्याचा प्रसंग येऊं नये यासाठींच ते दोन दिवस खर्ची पडले होते.