कॅमेरा कोणाच्या हातात?
(रत्नागिरी येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



आंब्याच्या मुलखात कापूस-ज्वारीवाले पाहुणे आले आहेत आणि विषय निघाला आहे चित्रफितींचा. आपल्या माणसांनी आपली कहाणी मोबाईलवर टिपावी, असा प्रस्ताव बैठकीपुढे आहे. आमचा पाठिंबा आहे. पण असली कामे कशाने तरतात, कशाने बुडतात, ते आधी पाहू.

१९७५-७६ साली उपग्रहाच्या जोरावर देशातल्या २४०० गावांत दूरदर्शन पोचले. वर्षाने उपग्रह हलवला. तेवढे दिवस गावाने बघायचे काम केले. बोलायची सोय नव्हतीच.

उदगीर, बीदर ओलांडले की तेलंगणातले जहिराबाद लागते. तिथेही कोरडवाहू ज्वारी. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीतल्या दलित शेतकरी बायांनी तिथे कॅमेरा हाती घेतला. कित्येकींना अक्षरओळख नव्हती. पण कॅमेऱ्याच्या कोनांना त्यांनी आपली नावे दिली. एक 'पटेल शॉट'. पटेल म्हणजे तिकडचा जमीनदार. एक गड्याचा. आणि समोरासमोर, डोळ्याला डोळा भिडवून, तो 'संघम शॉट'. मोठ्या शहरातल्या शिकलेल्यांना हे सुचले नसते!

२००२ साली सरकारने बीटी कापसाला परवानगी दिली. या बाया वरंगळला गेल्या आणि हंगामभर पुन्हा पुन्हा त्याच शेतकऱ्यांच्या बांधावर पोचल्या. पीक उभे असताना शेतकरी काय म्हणतो, हिशेब मांडताना काय म्हणतो, दोन्ही फितीत आले. बीटीबद्दल तुमचे मत काहीही असो, हे थांबणे शिकण्यासारखे आहे.

काम बुडते ते जीपवाल्यांचे. दोन तासांत एक रडणारी म्हातारी टिपायची आणि निघायचे. फीत मुंबईत दाखवतात, गावाला दिसत नाही. पुढच्या खेपेला गाव तोंड उघडत नाही.

मोहोर टिपलात तर वाशीहून हिशेबपट्टी येईपर्यंत थांबा. कपाशीची लावण टिपलीत तर शेवटच्या वेचणीपर्यंत. पहिला खेळ ज्याची गोष्ट त्याच्याच ओसरीवर. त्याने 'एवढे काढून टाका' म्हटले, तर काढायचे. कर्जाचा आकडा नि सावकाराचे नाव बाहेर फुटले, तर उद्या त्याच्या दारात सावकार उभा राहील. तेव्हा आपण तिथे नसू.

फोन सगळ्यांच्या खिशात आहेत. येता हंगामभर एकाच बांधावर जायला जे तयार असतील, त्यांनी जेवणाच्या सुटीत नावे लिहून द्यावीत. बायांची नावे आधी घेऊ.