एक्स-रे वाचणारं यंत्र आणि आपली आशाताई



दोन महिने खोकणारा एखादा शेतमजूर आपल्या देवणी तालुक्यातल्या उपकेंद्रात आला, तर त्याच्या छातीचा फोटो वाचणारा तज्ज्ञ डॉक्टर कुठून आणायचा? उदगीर नाहीतर लातूर गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, वर एसटीचं भाडं. मग तो मेडिकलवरून खोकल्याची बाटली घेतो आणि कामावर जातो. रात्री त्याच खोलीत लेकरं झोपतात.

कृत्रिम बुद्धिमत्ता कामाला येते ती इथं. मुंबईत 2016 साली सुरू झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीची प्रणाली छातीचा एक्स-रे वाचून क्षयाची शंका कितपत आहे, त्याचा आकडा देते. 15 वर्षांवरच्या लोकांमध्ये क्षयरुग्ण शोधायला अशा प्रणाली वापराव्यात, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये केली. हातात धरायचं एक्स-रे यंत्र तर गाडीत घालून तांड्यावरही नेता येतं.

पण तो आकडा म्हणजे निदान नव्हे. कितीच्या वर संशयित धरायचं, ही रेषा त्या त्या भागातल्या रुग्णांवर तपासून आखावी लागते. देवणी वळूचा सौदा करताना आपण दात बघतो, चालवून बघतो. यंत्रालाही तीच कसोटी लावा. पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांच्या फुप्फुसातले जुने व्रण त्याला चकवतात. शेवटचा शब्द थुंकीच्या तपासणीचा. त्यासाठी आपल्या शेजारच्या गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट यंत्र बॅटरीवरही चालतं. वीज जाणाऱ्या गावांना ही मोठी सोय आहे.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते काम क्षयाचं नाही, बाळंतपणाचं आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी 2008 साली मुंबईत स्थापन केलेली ‘अरमान’ ही संस्था गरोदर बायांना फोनवरून आरोग्याचे संदेश ऐकवते. बऱ्याच जणी काही आठवड्यांनी ते ऐकणं सोडतात, आणि प्रत्येकीशी बोलायला माणसं पुरत नाहीत. तेव्हा गूगलच्या संशोधकांसोबत संस्थेने अशी व्यवस्था बसवली की, या आठवड्यात कुणाला फोन केला तर जास्त उपयोग होईल ते यंत्र सुचवतं, बोलते कार्यकर्तीच. सुमारे 23,000 महिलांच्या अभ्यासात ही गळती जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाली.

आपल्या तालुक्याला हेच हवं आहे. ऊसतोडीला, पुण्याला, हैदराबादला गेलेला माणूस क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडतो. असा कोण सोडण्याच्या बेतात आहे, हे आधी सांगणारं यंत्र जरूर आणा. त्याच्या घरी जाणार मात्र आशाताईच. तिचं मानधन थकवून यंत्रावर पैसा घालणं मला साफ नामंजूर आहे.

येत्या ग्रामसभेत तुम्ही एवढा ठराव मांडा: एक्स-रे ज्या दिवशी, थुंकीचा नमुना त्याच दिवशी, क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेची महिना 1,000 रुपयांची मदत विनाविलंब खात्यावर, आणि आशाताईचं मानधन दर महिन्याला, ठरल्या तारखेला.